हैती, वूडू आणि दारिद्र्य

* हैतीच्या दारिद्र्याचे खापर लेखकाने येथे वूडू धर्मावर फोडले आहे. हा समज जुना आहे. २०१०च्या भूकंपानंतर अमेरिकी धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन यांनीही हैतीच्या लोकांनी सैतानाशी केलेल्या कराराची कथा पुन्हा सांगितली. संपादकाला हे मुळीच मान्य नाही. गुलामांनी फ्रान्सशी लढून १८०४मध्ये हैती स्वतंत्र केला. १८२५मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने युद्धनौका पाठवून मान्यतेची किंमत मागितली : मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक. त्या ‘मालमत्ते’त माणसेही होती! पहिल्याच हप्त्यासाठी पॅरिसच्या सावकारांकडून ३ कोटींचे कर्ज काढावे लागले. हातात पडले २ कोटी ४० लाख. १८३८मध्ये एकूण मागणी ९ कोटींवर आली, तरी त्यापायी झालेले देणे १९४७पर्यंत फिटत राहिले. कॉफीवरच्या करांचा पैसा तिकडे गेला. शाळा, रस्ते राहून गेले. देशी राज्यकर्त्यांची लूट आणि १९१५ ते १९३४चा अमेरिकी लष्करी ताबा ही कारणेही आहेतच. वूडूबद्दल सांगायचे तर १७९१च्या उठावाआधी गुलाम ज्या मेळाव्यात एकत्र आले, तो वूडूचाच होता, असे हैतीचे लोक अभिमानाने सांगतात. — संपा.