तेहतीस वर्षं आणि एक शुक्रवार

२ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. 'गेम इन्फॉर्मर' या अमेरिकन मासिकाची वेबसाइट उघडणाऱ्यांना त्या दिवशी ना रिव्ह्यू दिसत होते, ना मुलाखती, ना बातम्या. कुठलीही जुनी लिंक दाबली तरी एकच पान उघडायचं, निरोपाचं. १९९१ साली सुरू झालेलं हे मासिक मालक कंपनी 'गेमस्टॉप'ने बंद केलं होतं. छापील अंक तर थांबलाच, पण वेबसाइटवरचं वर्षानुवर्षांचं लेखनही त्याच दिवशी गायब झालं.

लोकांच्या कपाटात, माळ्यावर, लायब्ररीत पडलेले कागदी अंक मात्र जागच्या जागी राहिले. गेमिंग मासिकांना इंटरनेटने संपवलं, असं आपण सहज म्हणून जातो. त्यात तथ्य आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

सुरुवातीपासून पाहू. नोव्हेंबर १९८१मध्ये ब्रिटनमध्ये 'कम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स'चा पहिला अंक आला. त्याच वर्षी अमेरिकेत आर्नी कॅट्झ, बिल कंकल आणि जॉइस वर्ली या तिघांनी 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' सुरू केलं. त्या काळातल्या ब्रिटिश मासिकांत गेमबद्दल वाचायला तर मिळायचंच, पण अख्खा गेमही मिळायचा. पानंच्या पानं बेसिक भाषेतला प्रोग्रॅम छापलेला असायचा. तो घरच्या कम्प्युटरवर एकेक ओळ बघून टाइप करायचा. एखादा स्वल्पविराम चुकला की गेम चालायचा नाही. कधी चूक छपाईतच असायची, मग दुरुस्तीसाठी पुढच्या अंकाची वाट बघायची. पुष्कळ मुलं प्रोग्रॅमिंग शिकली ती अशी, चुका शोधता शोधता.

पुढे १९८६मध्ये जपानमध्ये 'फामित्सू' आलं. चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देणार, एकूण चाळीस, ही त्याची पद्धत. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा मिळाले ते थेट १९९८मध्ये, 'झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम'ला. अमेरिकेत १९८८मध्ये निन्टेन्डोने स्वतःचंच मासिक काढलं, 'निन्टेन्डो पॉवर'. नकाशे, युक्त्या, लपलेल्या वाटा असा सगळा माल त्यात असायचा. वर्गणी भरून घेतलेली जाहिरातच होती ती एका अर्थी, पण मुलांची त्याला हरकत नव्हती. गेममध्ये अडकलेल्या मुलाला तेव्हा दोनच आधार असायचे : एखादा हुशार मित्र किंवा मासिक.

या मासिकांच्या शब्दाला वजन किती होतं, ते एका थट्टेवरून कळतं. 'स्ट्रीट फायटर २'च्या इंग्रजी आवृत्तीत भाषांतराच्या घोळामुळे 'शेंग लाँग' नावाच्या कुणाचा तरी उल्लेख आला होता. प्रत्यक्षात ते एका फटक्याचं नाव. 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'ने एप्रिल १९९२च्या अंकात बेधडक छापलं, की एकही मार न खाता शेवटपर्यंत पोचलात आणि तिथेही बराच वेळ टिकलात, तर हा गुप्त योद्धा प्रकट होतो. तो एप्रिल फूल होता. पण पोरांनी आर्केडमध्ये नाण्यांमागून नाणी घालून प्रयत्न केले, आणि इतर मासिकांनीही ती 'युक्ती' खरी समजून छापली. आज अशी थाप संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. तेव्हा ती कित्येक महिने जगली, कारण पडताळून बघायला दुसरी जागाच नव्हती.

ही मक्तेदारी एका फटक्यात मोडली नाही. कांद्याचे पापुद्रे निघावेत तशी मासिकाची एकेक कामं निघून गेली.

पहिलं काम गेलं ते छापील प्रोग्रॅमचं. गेम मोठे झाले, ते हाताने टाइप करणं अशक्य झालं. त्याची जागा मुखपृष्ठाला चिकटवलेल्या कॅसेटने घेतली, मग फ्लॉपी, मग सीडी. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पुष्कळांनी मासिक घेतलं ते त्यावरच्या डेमो डिस्कसाठी. दुसरं काम युक्त्यांचं. १९९५मध्ये 'गेमएफएक्यूज' ही साइट सुरू झाली आणि वाचकच एकमेकांसाठी फुकट मार्गदर्शिका लिहू लागले. तिसरं काम बातम्यांचं. लेखन, मांडणी, छपाई आणि वितरण यांत आठवडेच्या आठवडे जातात, त्यामुळे अंक हातात येईपर्यंत बातमी शिळी व्हायची. १९९६पासून 'आयजीएन' आणि 'गेमस्पॉट' तीच बातमी त्याच दिवशी देऊ लागले. ब्रॉडबँड आल्यावर डेमोही थेट घरी उतरू लागले, आणि डिस्कचं आकर्षण संपलं.

शेवटचा पापुद्रा सगळ्यात महागात पडला. मासिकं मुख्यतः जाहिरातींवर चालायची, आणि जाहिराती द्यायच्या त्या गेम कंपन्याच. २०११मध्ये निन्टेन्डोने 'निन्टेन्डो डायरेक्ट' हे व्हिडिओ सादरीकरण सुरू केलं. कंपनी स्वतःच थेट प्रेक्षकांशी बोलू लागली. मधला माणूस कशाला हवा? पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१२मध्ये, 'निन्टेन्डो पॉवर'चा शेवटचा अंक निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर पहिल्याच अंकाची आठवण जागवणारा मातीचा मारिओ होता.

'गेम इन्फॉर्मर' इतकं टिकलं, त्यालाही कारण होतं. गेमस्टॉपच्या दुकानात सवलतीचं सभासदत्व घेतलं की हे मासिक सोबत यायचं, त्यामुळे एके काळी ते अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या मासिकांत गणलं जाई. पण लोक गेम डाउनलोड करू लागले, दुकानं ओस पडली, आणि दुकानाच्या खांद्यावर बसलेलं मासिकही खाली आलं.

आपल्याकडे ही लाट उशिरा आणि अर्धीमुर्धी आली. परदेशी गेमिंग मासिकं किमतीमुळे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. पण २००१पासून निघणाऱ्या 'डिजिट'सोबत सीडी आणि पुढे डीव्हीडी यायची. डायलअपच्या जमान्यात काहीशे एमबीचा डेमो उतरवणं म्हणजे रात्रभर फोन अडवून ठेवणं. त्यामुळे ती डिस्क म्हणजे महिन्याभराचं इंटरनेटच होतं, आणि ती मित्रामित्रांत फिरायची. मासिक मात्र यथावकाश रद्दीत जायचं.

आणि नेमकं तेच आता सलतं. अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की तिथे २०१०पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. गेमच हाती लागत नसेल, तर तो कसा दिसायचा, केव्हा आला, लोकांना आवडला का, याचा पुरावा उरतो तो मासिकाच्या पानांवर. वेबसाइटवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. २००९मध्ये 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'च्या मालकांनी आपली '१अप' ही वेबसाइट विकली आणि छापील मासिक बंद केलं. भविष्य वेबसाइटचं आहे, असाच तेव्हाचा हिशेब. पण २०१३मध्ये 'यूजीओ' आणि 'गेमस्पाय'बरोबर '१अप'लाही टाळं लागलं. उलट मासिकाचे जुने अंक आजही संग्राहकांकडे मिळतात.

म्हणजे कागद श्रेष्ठ, असं नाही. छापील रिव्ह्यूंवरही जाहिरातदारांचं सावट असायचं, आणि चुका महिनाभर तशाच राहायच्या. पण कागदाला एक गुण आपोआप मिळाला होता : एकाच अंकाच्या हजारो प्रती हजारो घरांत असायच्या. मालकाने ठरवलं तरी त्या परत घेता येत नसत. वेबसाइटची प्रत मालकाच्याच सर्व्हरवर असते, आणि एका शुक्रवारी ती काढून घेता येते.

'गेम इन्फॉर्मर' मार्च २०२५मध्ये 'गन्झिला गेम्स' या कंपनीच्या आधाराने परत आलं, जुन्या लेखांसह. सगळ्यांचं नशीब असं नसतं. त्याआधी दोन महिने, जानेवारी २०२५मध्ये, हिस्टरी फाउंडेशनने आपली डिजिटल लायब्ररी खुली केली. बंद पडलेल्या गेमिंग मासिकांचे दीड हजारांहून अधिक अंक तिथे फुकट वाचता येतात, शब्द टाकून शोधता येतात. कुणीतरी ते रद्दीत न घालता जपून ठेवले, म्हणून ते स्कॅन होऊ शकले. आज ते फोनवर उघडतात, अगदी त्यातल्या जाहिरातींसकट.