गोधडीचं अस्तर

गोधडी पाहणाऱ्याचं लक्ष आधी वरच्या तुकड्यांकडे जातं. हा कोणाच्या परकराचा, तो कोणाच्या सदऱ्याचा, अशी ओळख सुरू होते. कात्रपला आमच्या शेजारी एक आजी होत्या. त्या मात्र गोधडी हातात आली की सरळ उलटी करत, अस्तर चिमटीत धरून चुरगाळत आणि मगच बोलत. ‘‘वर काय, चिंध्याच असतात. खाली काय घातलंय ते सांग,’’ असं त्यांचं म्हणणं. आज मी बोलणार आहे ते या खालच्या कापडाविषयी.

चिंध्या जोडून पांघरूण करायची रीत आपल्याकडे फार जुनी. संस्कृतात तिला कंथा म्हणतात, बंगालात काँथा, आपल्याकडे देशावर वाकळ. गाडगेबाबांना लोक गोधडेबाबाही म्हणत, ते अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रामुळं. कौतुक नेहमी ठिगळांचंच. पण ठिगळं हाताला येतील तशी कातरलेली असतात. उभी, आडवी, तिरकी. तिरका कातरलेला तुकडा ओढला की ताणतो. त्याला जागेवर धरून ठेवतं ते खालचं अखंड कापड.

आईच्या पिढीपर्यंत हे कापड म्हणजे सुती नऊवारी लुगडं, तेही जुनेर. नव्या कापडात खळ असते, सुई अडते, आणि पहिल्या धुण्यात ते आटतं. वरचे तुकडे आटून झालेले असतात, खालचं कापड तेवढं आखडतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात. (माझी पहिली गोधडी अशीच झाली होती. कोरा मांजरपाट न धुताच घातला होता मी. दोनदा गरम पाण्यातून काढला असता तर चाललं असतं.) जुनेराचं हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं.

मात्र जुनेर म्हणजे विरलेलं नव्हे. लुगडं आधी विरतं ते मधे, बसण्याच्या जागी. तेवढा भाग काढून बायका उरलेले दोन धड तुकडे जोडत, म्हणजे दांड घालत, आणि पुन्हा नेसत. दांडाचंही नेसवेना झालं की मग ते गोधडीला. काठाकडचं धड सूत अस्तराला, विरलेलं आत भर म्हणून. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं. नेसायलाच पुरेना, तिथं अस्तराला कुठून काढणार? आई सांगायची, त्या वर्षांतल्या गोधड्यांना खाली धोतराचे तीन-तीन जोड असत, आणि गोधडी उसवे ती जोडावरच.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी मी पहिल्यांदा सिंधी रल्ली पाहिली. लाल, पिवळे, काळे तुकडे, काय त्यांची नक्षी! शेजारच्या आजींची सवय मलाही लागलेली, म्हणून उलटी केली. खाली धुऊन धुऊन मऊ पडलेली सुती चादर. मैत्रिणीची आजी हसली. तिला मराठी येत नव्हतं, मला सिंधी. पण मी काय पाहिलं ते तिला कळलं होतं. पुढं उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी पाहिली. त्या जुन्या साडीवर कडेपासून आत आत तुकडे लावत जातात. तिथंही भिस्त साडीवरच.

टेरिलीनचा शोध 1941 मध्ये इंग्लंडात लागला. आमच्या घरात असल्या धाग्यांच्या साड्या आल्या त्या सत्तरच्या दशकात. नायलॉनची साडी फाटता फाटत नाही, म्हणजे अस्तराला उत्तम, असं वाटलं. पण ती टाक्याखाली सरकते, घाम टिपत नाही. मग जीन्सच्या कापडाची टूम निघाली. उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा धंदा मोठा, त्यामुळं त्याचे तुकडे भरपूर. मी एक गोधडी त्यावर बेतली आणि अक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, मिरवत दिली.

अक्काचं घर बदलापुरात नदीच्या बाजूला. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी घरात शिरली. पाणी ओसरल्यावर गाळातून दोन गोधड्या निघाल्या, आईची आणि माझी. माझी दोघींना पिळवेना. पावसाळी हवा, सहाव्या दिवशी तिला वास सुटला आणि ती टाकून द्यावी लागली. आईची लुगड्यावरची, पातळ. तिसऱ्या दिवशी पंख्याखाली वाळली.

तीच गोधडी आता माझ्याकडे आहे. वरचे तुकडे शाबूत, अस्तर मात्र जाळीसारखं झालंय. आईचं एक शेवटचं लुगडं ट्रंकेत आहे. ते घातलं तर गोधडी टिकेल, पण लुगडं राहणार नाही. अक्का म्हणते, ‘‘आईची नेसती वस्तू एवढीच उरलीय, तिला कात्री लावू नकोस. मांजरपाट आण.’’ तिचंही खरं आहे. पण ट्रंकेतल्या घडीवर सूत तुटतंच, वापरलं नाही तरी.

परवा ते धुऊन उन्हाला धरून पाहिलं. मधे विरलंय, काठाकडे धड आहे. दांड घालावा लागेल. अक्का रविवारी येणार आहे. कात्री तिच्याच हातात देणार आहे.