शैक्षणिक कर्ज व पदविकेनंतरची कमाई (वऱ्हाड)

अमरावती व अकोला जिल्ह्यांत शिक्षणापायी होणारे कर्ज आणि शिकून निघाल्यावर हाती पडणारा पगार यांचा मेळ. येथे विचार मुख्यतः शासकीय तंत्रनिकेतनांतील मुलामुलींचा केला आहे.

शेतकरी घरात हे कर्ज पुष्कळदा विद्यार्थ्याच्या नावावर दिसतच नाही. ते बापाच्या सातबाऱ्यावर असते. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात, ऐन पेरणी-डवरणीच्या दिवसांत चालतात. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, कपाशीचा त्याहूनही उशिरा. मधली नड पीककर्जातून, सावकाराकडून किंवा सोयऱ्यांच्या उसनवारीतून भागते. शासकीय संस्थेची फी तुलनेने कमी असते. भारी पडतात ती खोली आणि मेस. एसटीच्या मासिक पासावर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणून जमेल तितके दिवस गावाहूनच ये-जा केली जाते.

या प्रश्नाला येथे जुना इतिहास आहे. पापळचे पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) विलायतेत शिकले ते वडिलांनी शेत गहाण ठेवल्यावर. परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय उभारले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. त्यांच्या नावाच्या दोन सरकारी योजना आजही याच कुटुंबांच्या कामी येतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. दुसऱ्या योजनेत पीककर्ज मुदतीत फेडल्यास तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. मुलाच्या खोलीभाड्यात फेडीचा पैसा गेला आणि मुदत हुकली, तर ही सवलतही जाते. शिक्षणाच्या खर्चात हे व्याज कोणी धरत नाही; ते धरायलाच हवे.

विद्यार्थ्याच्या नावावर कर्ज काढायचे तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. चार लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ५,२९० रुपये लागतात. मधल्या काळात साचलेले व्याज वेगळेच. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय व पदविकाधारकांना महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरले. त्यातून हप्ता वजा केला तर उरतात सुमारे २,७१० रुपये. अकोल्यात किंवा अमरावतीत एवढ्यात खोली आणि दोन वेळचे जेवण भागणे कठीण.

या दोन जिल्ह्यांतले काम मुख्यतः नांदगाव पेठेतील कापड उद्योगांत आणि अकोल्याच्या डाळ व तेल गिरण्यांत मिळते. यांत्रिकी व विद्युत शाखांची बरीच मुले मग पुणे-चाकणची गाडी धरतात. तिथे पगाराचा आकडा मोठा असला तरी तीन-चार जणांत घेतलेल्या खोलीचे भाडे त्यातूनच जाते. उरलेले पैसे मार्चअखेरीला गावी पाठवले जातात, बापाच्या सोसायटीच्या खात्यात पीककर्जाचे नवे-जुने करायला, म्हणजे जुने फेडून नवे उचलायला.