विद्वान आणि सत्ता : प्रा. नुरुल हसन यांच्या मंत्रिपदाचा विचार

अध्यापक शिक्षणमंत्री झाला म्हणजे विद्येचे हितच होते, अशी समजूत आपल्याकडे दृढ आहे. तिची परीक्षा करावयाची तर प्रा. सय्यद नुरुल हसन यांच्या कारकिर्दीइतके बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

१९२१ साली लखनौ येथे जन्मलेले नुरुल हसन अलाहाबाद व ऑक्सफर्ड येथे शिकले आणि पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक झाले. मोगलकालीन जमीनदारवर्ग व शेतीसंबंध हा त्यांचा अभ्यासविषय. १९७१ ते १९७७ या काळात केंद्रातील शिक्षण, समाजकल्याण व संस्कृती या खात्यांचा कार्यभार त्यांच्याकडे होता.

या सहा वर्षांतील त्यांची कामगिरी मोठी आहे. १९७२ साली भारतीय इतिहास संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष प्रा. रामशरण शर्मा होत. ईशान्य भारतासाठी व हैदराबाद येथे नवी केंद्रीय विद्यापीठे झाली. १ जानेवारी १९७३ पासून अधिव्याख्यात्यास ७०० ते १६०० रुपयांची वेतनश्रेणी लागू झाली आणि अध्यापकाच्या पेशास प्रतिष्ठा आली. कोठारी आयोगाने सुचविलेला १०+२+३ हा आकृतिबंधही याच काळात रुजू लागला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राच्या शिक्षणक्षेत्रास सुपरिचित आहेत. १९७५ साली महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली.

परंतु या चित्राची दुसरी बाजू दृष्टीआड करणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणारे नाही. ज्या अलीगढ विद्यापीठात ते शिकवीत होते, त्याच विद्यापीठाविषयीचा १९७२ चा दुरुस्ती कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. १९६५ साली केवळ सल्लागार ठरलेले विद्यापीठाचे कोर्ट या कायद्यानेही पूर्वपदावर आले नाही. त्यास सर्वोच्च नियामक मंडळाचे स्थान पुन्हा मिळण्यास १९८१ साल उजाडावे लागले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला. हे घडले तेव्हा देशात आणीबाणी होती, हेही विसरता येत नाही.

केंद्राकडे गेलेला अधिकार एकाच विचाराच्या हाती राहत नाही, हे लवकरच दिसून आले. प्रा. शर्मा यांचे ‘प्राचीन भारत’ हे पाठ्यपुस्तक केंद्रीय परिषदेने १९७७ साली प्रकाशित केले. सत्तांतरानंतर, १९७८ साली, ते अभ्यासक्रमातून वगळण्यात आले. दिल्लीने लिहवून घेतलेले पुस्तक दिल्लीनेच दूर सारले. त्या ग्रंथातील मतांशी कोणी सहमत असो वा नसो, त्याचा निर्णय विद्वत्सभेत न होता मंत्रालयाच्या छायेत झाला, हीच चिंतेची बाब होय.

नुरुल हसन यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पुढे ते सोव्हिएत संघात राजदूत व पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. राज्यपालपदावर असतानाच १२ जुलै १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. विद्येविषयीची त्यांची आस्था निर्विवाद होती. तथापि मंत्र्याची आस्था त्याच्या पदाबरोबर जाते आणि अधिकार मात्र खात्यात उरतो. म्हणून विद्वान मंत्र्याने विद्यापीठांस किती दिले, एवढे पाहून भागत नाही. आपल्यानंतर येणाऱ्या अविद्वान मंत्र्यापासून त्यांचे रक्षण करण्याची कोणती व्यवस्था त्याने मागे ठेवली, हेही आमच्या मते तपासले पाहिजे. या दुसऱ्या कसोटीवर नुरुल हसन यांची कारकीर्द उणी पडते.