संगणकामागची वीज : प्रस्तावना

मुळशी तालुक्याचे विजेशी नाते जुने आहे. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवून टाटांनी १९२७ साली तिथले वीजगृह सुरू केले आणि वीज मुंबईला नेली. बुडालेल्या गावांनी त्याची किंमत मोजली. धरणाविरुद्धचा सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याची साक्ष देतो. आज याच तालुक्यात हिंजवडीचे आयटी पार्क आहे. जवळच्या जांबे गावात कुणी चार संगणकांचे ऑफिस थाटायचे म्हटले, तर यंत्रांच्या निवडीवर खूप खल होतो; वायरिंग मात्र ‘वायरमन बघेल’ म्हणून सोडून दिले जाते. या दुर्लक्षित बाजूकडे वाचकांनी कुतूहलाने पाहावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.

विषयाचे मूळ तत्त्व सोपे आहे. व्होल्टेज दुप्पट केले, तर तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चौथाईवर येते. म्हणून तर भिऱ्याची वीज लाखभर व्होल्टने मुंबईला जाते.

हाच हिशेब आपल्या खोलीतही मांडून पाहा. प्रत्येकी २०० वॅटचे दहा संगणक म्हणजे २,००० वॅट. २३० व्होल्टवर ते साधारण पावणेनऊ अँपिअर घेतील, ११५ व्होल्टवर साडेसतरा. बोर्डापासून वीस मीटरवर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली, तर पहिल्या वेळी अडीच-पावणेतीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, दुसऱ्या वेळी पाचांहून अधिक. संगणकाला आत मुख्यतः १२, ५ आणि ३.३ व्होल्टच लागतात. पण ही उतरण त्याच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, अगदी शेवटच्या टप्प्यावर केलेली बरी. सगळा लोड १२ व्होल्टने आणायचा तर सुमारे १६७ अँपिअर पेलणारी जाड तार ओढावी लागेल.

नवख्या वाचकांनी आधी लोडची बेरीज शिकावी, मग तारेची जाडी आणि लांबी, त्यानंतर एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच. न्यूट्रल आणि अर्थिंगपाशी मात्र थोडे रेंगाळावे. थ्री-फेज जोडणीत दिवे-पंख्यांचा लोड तिन्ही फेजवर समान वाटला, की न्यूट्रलमधला प्रवाह जवळपास शून्यावर येतो. साध्या एसएमपीएसच्या प्रवाहातील तिसरी हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या तिप्पट वारंवारितेचा घटक, मात्र न्यूट्रलमध्ये एकवटते; तिथे बारीक तार टाकून केलेली काटकसर महागात पडते. आणि न्यूट्रल तुटलाच, तर एखाद्या फेजवरचे व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढू शकते.

हे वाचून स्वतः पक्कड हाती घ्यावी, असे सुचवायचे नाही. जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. पण तो न्यूट्रलसाठी कोणती वायर काढतो, हे तुम्ही विचारू शकलात आणि त्याचे उत्तर तुम्हाला पारखता आले, तर या विषयात तुमचा प्रवेश झाला असे समजा.