दोन पापुद्र्यांमधील डिंक

वाण्याच्या दुकानातील दोऱ्याने बांधलेली कागदी पुडी जाऊन तिच्या जागी चकचकीत पाकीट केव्हा आले, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. पाकीट फोडून शेव खाणाऱ्यास ते एकाच पदार्थाचे वाटते. वस्तुतः त्यात दोन, तीन, क्वचित चार पापुद्रे असतात. बाहेरचा छपाईसाठी, मधला हवा आणि उजेड अडविण्यासाठी, आतला उष्णतेने तोंड बंद करण्यासाठी. ह्या सर्वांना एकत्र धरून ठेवणारा डिंक मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शात मोजावी लागते. एक चौरस मीटर पाकिटास तो दोन-चार ग्रॅम पुरतो. दिल्लीच्या परिसरात हा डिंक बनू लागला, त्याची हकीकत बहुतांशी पाण्याशी असलेल्या वैराची हकीकत आहे.

डिंकाचे नाव पॉलियुरेथेन. त्याच्या मुळाशी असलेली आयसोसायनेट नावाची संयुगे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ याने १८४९ साली प्रथम तयार केली. परंतु जवळजवळ नव्वद वर्षे त्यांचा मोठा उपयोग कोणास सुचला नाही. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेन येथे ओटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनी आयसोसायनेट आणि पॉलिऑल यांची सांगड घालून लांबलचक साखळीचे द्रव्य मिळविले. (ज्या कंपनीत तो काम करी तिच्या संस्थापकाचे आडनावही बायरच, पण दोघांचे काही नाते नव्हते.) आरंभीच्या नमुन्यांत बुडबुडे होत. परीक्षकांनी तर हा पदार्थ फार तर भोकाभोकांच्या एमेंटाल चीजची नक्कल करण्यास उपयोगी पडेल, अशी थट्टा केल्याचे सांगतात. बुडबुड्यांचे कारण होते ओलावा. आयसोसायनेटला पाणी भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. गाद्या आणि उशा बनविणाऱ्यांनी पुढे ह्याच दोषाचे सोने केले. डिंक करणाऱ्यास मात्र तो दोषच राहिला.

आणि तो केवळ बुडबुड्यांपुरता नाही. वायूबरोबर ॲमीन जातीचे एक द्रव्यही निर्माण होते. आयसोसायनेट सुगंधी वर्गातील असेल, तर हे ॲमीनही त्याच वर्गातले. आणि त्यांपैकी काही मनुष्यास कर्करोगकारक ठरण्याचा संभव आहे. रसायनशास्त्रातील ह्या ‘सुगंधी’ शब्दाचा सुवासाशी काही संबंध नाही, हे जाता जाता सांगितलेले बरे. डिंक पुरता सुकण्यापूर्वी पाकीट भरले, तर उरलेले आयसोसायनेट आतील पापुद्र्यातून झिरपून ओलसर अन्नास मिळते आणि तेथे ॲमीन होते. अमेरिकेत १९७० च्या दशकात शिजविलेले अन्न पाकिटातच भरून १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करण्याची पद्धत सिद्ध झाली, तेव्हा तिच्या परवानगीचा प्रश्न अडला तो पाकिटापाशी नव्हे, पापुद्र्यांमधील डिंकापाशी. डिंक बदलावा लागला.

भारतात आयसोसायनेट हा शब्द सामान्य माणसाच्या कानी पडला तो १९८४ च्या डिसेंबरात, २ तारखेच्या रात्री. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. ते द्रव्य डिंकात पडत नाही. डिंकातील त्याचे भाऊबंद वजनाने जड व वाफ होण्यास मंद असतात, तेव्हा दोघांस एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण कुळ एकच, आणि पाण्याशी असलेले वैरही तेच.

त्यानंतर वर्षभरातच, १९८५ साली, यमुनेपलीकडे नोएडात अशोक चतुर्वेदी यांनी फ्लेक्स इंडस्ट्रीज ही पाकिटे बनविणारी कंपनी काढली. तीच पुढे युफ्लेक्स झाली. नोएडा हे गाव तेव्हा अवघे नऊ वर्षांचे होते. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, ‘न्यू ओखला’ ह्या नावाच्या आद्याक्षरांतून ते जन्मास आले होते. ह्याच उद्योगसमूहाने पुढे स्वतःची शाई आणि स्वतःचा डिंकही बनविण्यास घेतले.

ह्यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. विशेष दिल्लीच्या हवेत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, श्रावणात भिंती घामेजतात, आणि पौषात हवा इतकी गारठते की डिंक सुकता सुकत नाही. डिंकाचे दोन भाग दोन वेगळ्या पिंपांत ठेवतात. आयसोसायनेटच्या पिंपातील मोकळ्या जागेत कोरडा नायट्रोजन भरतात, नाही तर हवेतील ओल पिऊन ते आधी गढूळ होते आणि मग आटवलेल्या दुधासारखे दाटते. अवांतर क्रिया आवरण्यासाठी त्यात आम्लाचा अत्यल्प अंशही मिसळतात. डिंक पातळ करण्यास जे इथाइल ॲसिटेट वापरतात त्यात पाणी किंवा अल्कोहोल राहिले, तर तेच आयसोसायनेट खाऊन टाकते आणि डिंक लेचापेचा राहतो. छपाईच्या शाईत मागे उरलेले अल्कोहोलही हाच घात करते. दोन भाग एकत्र केले की घड्याळ चालू होते. विद्रावकाविना वापरण्याचा जो डिंक आहे, त्याच्याबाबतीत तर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत काम उरकावे लागते. दोन भागांचे प्रमाण चुकणे हा सर्वांत फसवा दोष. कारण पाकीट तेव्हा चांगलेच दिसते.

शिवाय येथले अन्न युरोपातील बिस्किटासारखे निरुपद्रवी नाही. लोणच्याचे तेल आणि आंबटपणा, लवंगेचा उग्र अर्क, गरम मसाल्याची बाष्पशील तेले ही आतला पापुद्रा भेदून डिंकापर्यंत पोहोचतात आणि काही आठवड्यांनी पाकिटाचे पदर सुटू लागतात. लवंग दाताचा ठणका थांबवते हे आजीबाईंना ठाऊक होते. ती डिंकालाही नमवते हे पाकिटवाल्यांना अनुभवाने कळले.

कायदा मागाहून आला. दिल्लीतच बहादूरशहा जफर मार्गावर मानक भवनात भारतीय मानक ब्यूरोचे ठाणे, आणि कोटला मार्गावर २००८ साली स्थापन झालेले अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण. प्राधिकरणाचे वेष्टनविषयक नियम २०१८ चे. ते १ जुलै २०१९ पासून लागू झाले. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून अन्नात उतरणारे एकूण द्रव्य किलोस ६० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, असे ते सांगतात. त्यासाठी पाकिटाचा तुकडा पाण्यात, तीन टक्के ॲसेटिक आम्लात किंवा अन्य द्रवात ठरावीक काळ ठेवून त्या द्रवात काय उतरले ते तोलतात. हे एकूण वजन. त्यात ॲमीन किती, हे त्या तराजूस दिसत नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमात सुगंधी ॲमीनसाठी वेगळी रेषा आखलेली आहे. अन्नाच्या एका किलोत एका मिलिग्रॅमचा शंभरावा हिस्साही सापडू नये.

ती रेषा पाळण्याचा सर्वांत जुना उपाय यंत्रात नाही, थांबण्यात आहे. चिकटविलेल्या पाकिटांची रिळे चाळीस-पन्नास अंशांच्या उबदार खोलीत काही दिवस ठेवतात, आयसोसायनेटचा शेवटचा अंश बांधला जाईपर्यंत. ह्याहून महाग असा दुसरा वर्ग आहे. त्यातील आयसोसायनेट सुगंधी नसते, म्हणून सुगंधी ॲमीनचा प्रश्नच उद्भवत नाही. पण स्वस्त पुडीवाल्यास तो परवडत नाही. दिवाळीच्या तोंडावर मागणी चढली की गिऱ्हाईक घाई करते, आणि खोलीतल्या रिळांचे दिवस कोण मोजतो, ह्यावर सारे येऊन ठेपते.