कोणता इअरफोन ठेवावा, कोणता विकावा?

संगीत आणि यंत्रे या दोहोंचा नाद असलेल्या मंडळींच्या खणात कानात घालायचे पाच-सहा इअरफोन सहज सापडतात. एक खर्जासाठी घेतलेला, एक गायकाच्या आवाजासाठी, एक केवळ कुणी तरी फार वाखाणला म्हणून. मग एक दिवस अडकलेल्या पैशांची जाणीव होते आणि प्रश्न पडतो, यांतला ठेवायचा कोणता आणि विकायचे कोणते? प्रश्न हौशी लोकांचा आहे खरा, पण त्याच्या पोटात विज्ञानातला एक अवघड प्रश्न दडलेला आहे. मोजणाऱ्याचे शरीर हाच उपकरणाचा एक भाग असेल, तर बरेवाईट ठरवायचे कसे? इअरफोनचा इतिहास चाळला की या प्रश्नाचा माग लागतो.

१८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने एक अजब प्रयोग केला. ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक मांडून तिथले गाणे तारांवरून प्रदर्शनात आणले. प्रत्येक श्रोत्याला दोन श्रवणी दिलेल्या होत्या, दोन्ही कानांना एकेक. त्यामुळे गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे गेला तर ते श्रोत्याला कळत असे. १८९० साली याच कल्पनेवर 'थिएटरफोन' नावाची सेवा निघाली. अडचण एवढीच, की श्रवणी हाताने कानाशी धरून ठेवाव्या लागत. १८९१ मध्ये एर्नेस्त मेर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने थेट कानाच्या भोकात बसणाऱ्या, रबरी टोपीच्या श्रवणींचे अमेरिकेत पेटंट घेतले. वजन ५० ग्रॅमच्या आत! कानातला इअरफोन ही कल्पना एवढी जुनी आहे.

पुढचा धागा अमेरिकेतल्या युटा राज्यात सापडतो. १९१० च्या सुमारास नॅथनिएल बाल्डविन घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून अमेरिकन नौदलाला पुरवत असे. त्याच्या श्रवणीत लोखंडाची एक पट्टी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तोलून धरलेली असे. भोवतीच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की ती या किंवा त्या ध्रुवाकडे झुके आणि जोडलेल्या सळईने अभ्रकाचा पडदा हलवी. थोड्याशा प्रवाहात पुष्कळ आवाज, हा या रचनेचा गुण. रेडिओचे हेडफोन मागे पडल्यावर ही तोललेली पट्टी श्रवणयंत्रात जाऊन राहिली आणि आकसत आकसत वाटाण्याहूनही लहान झाली. आजच्या अनेक महागड्या इअरफोनांत तीच आहे. बहिऱ्यांसाठी जपलेले तंत्र संगीतवेड्यांच्या कामी आले, हे या इतिहासातले आम्हाला सर्वांत आवडणारे वळण.

ते वळण कसे आले, हे समजायला कानाची नळी पाहावी लागेल. ती सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. अशी नळी आपल्या लांबीच्या चौपट तरंगलांबीला अनुनाद देते. अडीच सेंटिमीटर खोल पेनचे टोपण घेऊन त्याच्या काठावर फुंकर मारा. जी तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते ती ३००० हर्ट्झच्या आसपासची असते. आपला कानही त्याच भागातले आवाज वाढवून पडद्यापर्यंत नेतो, आणि मेंदूला जन्मापासून त्याची सवय असते. आता नळीच्या तोंडात बूच बसवले की हा अनुनाद बदलतो. म्हणजे सर्व वारंवारता समान देणारा 'सपाट' इअरफोन कानात मात्र मिंधा, दबका वाजणार. हरवलेला उंचवटा इअरफोननेच भरून द्यायला हवा. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात वाढलेल्या मीड किलियन यांनी १९८३ साली एटिमोटिक रिसर्च ही संस्था काढली आणि १९९१ मध्ये या तत्त्वावरचा ईआर-४ हा इअरफोन बाजारात आणला. उघड्या कानाच्या पडद्याशी जो ध्वनी पोचला असता तोच पोचवायचा, हे त्याचे उद्दिष्ट. १९७९ च्या वॉकमनने चालताबोलता ऐकण्याची सवय लावलीच होती. १९९५ साली जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने वादकांना रंगमंचावर स्वतःचे वाजवणे ऐकू यावे म्हणून त्यांच्या कानाचे साचे घेऊन इअरफोन बनवायला सुरुवात केली. (साच्याचे इअरफोन दुसऱ्याच्या कानात बसत नाहीत, तेव्हा ते विकण्याची चिंता नाही!)

आता निवडीचा प्रश्न. दोन इअरफोन आलटून पालटून ऐकले तर चांगला कोणता ते कळणार नाही का? बहुधा नाही. एक इअरफोन दुसऱ्यापेक्षा जरासा मोठा वाजत असेल, तर तो मोठा वाटत नाही, स्वच्छ आणि भरीव वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले होते, की हळू आवाजात खालचे सूर आपल्याला प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात. आवाज वाढला की खर्ज आपोआप भरतो. म्हणून आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय केलेली तुलना व्यर्थ आहे. शिवाय हाताला वजन कळते, डोळ्यांना नाव दिसते, आणि किंमत तर आपणच मोजलेली असते. शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुंदर तोड काढली. श्रोत्याच्या कानात एकच इअरफोन ठेवायचा आणि इतरांचे ध्वनिगुण गणिताने त्यातूनच वाजवायचे. अशा रीतीने त्यांनी ३० प्रकारच्या इअरफोनांची परीक्षा घेतली. नाव नाही, रूप नाही, किंमत नाही. केवळ आवाज उरल्यावर श्रोत्यांच्या आवडीनिवडी बऱ्याच जुळतात असे दिसले. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोन-इअरफोनांची मापे प्रसिद्ध केली. वारंवारतेनुसार मिळणारा प्रतिसाद आणि किंमत यांचा संबंध त्यांना आढळला नाही.

तेव्हा विकण्याआधी रबरी टोप्या बदलून पाहाव्यात. टोपी नीट बसली नाही तर दाब फटीतून निसटतो आणि खर्ज जातो. दोष फटीचा, खापर इअरफोनवर! किती आत घातला त्यावर ८००० हर्ट्झच्या आसपासचा उंचवटाही सरकतो, म्हणून एकाला कर्कश वाटलेला इअरफोन दुसऱ्याला गोड वाटू शकतो.

आमच्या मते मात्र आणखी एक कसोटी लावायला हवी, आणि परीक्षणांत तिला फारसे स्थान नसते. गर्दीच्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये कोणता इअरफोन लावून आपण आवाज सर्वांत कमी ठेवतो? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगते. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. कान नीट बंद करणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे कमी आवाजात भागते. सैल बसणाऱ्या इअरफोनात गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज ९ डेसिबलने चढवला, तर ४० तासांचे ५ तास होतात. रोज तासभर प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याचे ते पाच दिवसांत संपतात.